‘यातून काय शिकलास?’ हे विचारणं थांबवा

मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की त्याच्या हातातले ड्रॅगन, जादूगार आणि परग्रहावरचे प्राणी काढून घ्यायचे आणि तिथे ‘काहीतरी चांगलं’ ठेवायचं, हे मत आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की ते मांडताना कारण द्यायची गरजही कुणाला वाटत नाही. आई-वडील म्हणतात, ‘आता मोठा झालास, अजून हे काय वाचतोस?’ शिक्षक म्हणतात, ‘वाचतोय ते ठीक, पण अवांतर वाचनातून काही हाती लागलं पाहिजे.’ वाचनालयात आठवी-नववीतली मुलगी जादूगारांची जाडजूड कादंबरी घेऊन आली की तिला थोरांच्या चरित्रांचं कपाट दाखवलं जातं. आणि साहित्यातली जाणती मंडळी या प्रकाराची दखलच घेत नाहीत. त्यांच्या लेखी ते बालवाङ्मयाचं लांबलेलं शेपूट.

या मताची बाजू त्याच्याच शब्दांत मांडायची तर ती अशी होते. हे वय घडण्याचं आहे, वेळ थोडा आहे, स्पर्धा मोठी आहे. अशा वेळी जे नाही आणि कधी असणार नाही, त्यात मुलांनी रमणं म्हणजे वेळ वाया घालवणं. ती जगाकडे पाठ फिरवतात. मंत्रतंत्र वाचून त्यांची विवेकबुद्धी बोथट होते. शिवाय हल्लीच्या या कादंबऱ्यांत मारामारी, रक्तपात, मरण फार. आणि हे सगळं परकं, इंग्रजांचं. आपल्या मातीत ते उगवलेलं नाही. विज्ञानकथा असेल तर एक वेळ चालेल, निदान चार गोष्टी विज्ञानाच्या कळतील.

यातला एकही मुद्दा टिकणारा नाही. आणि या मतामुळे मुलांचं जे नुकसान होतं ते किरकोळ नाही, म्हणून हा प्रतिवाद.

उपयोगापासून सुरुवात करू, कारण सगळा भार त्यावरच आहे. वाढदिवसाला भेट म्हणून या वयाच्या मुलांना काय दिलं जातं? डॉ. कलामांचं ‘अग्निपंख’ दिलं जातं, ते चांगलंच आहे. त्याच्या जोडीला यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकं दिली जातात. आणि ‘द अल्केमिस्ट’ दिलं जातं, प्रेरणादायी म्हणून. त्यात एक मेंढपाळ मुलगा वाळवंटाशी आणि सूर्याशी बोलतो आणि शेवटी स्वतः वारा होतो. ही फँटसी नाही तर काय आहे? ती चालते, कारण तिच्या पाठीवर ‘स्वप्नांचा पाठलाग करा’ असा शिक्का आहे. म्हणजे आक्षेप अद्भुताला नाहीच. आक्षेप आहे तो शिकवण काढून हातावर न ठेवणाऱ्या गोष्टीला.

विज्ञानकथेला मिळणारी सवलतही याच हिशेबातली आहे, म्हणून ती नाकारायला हवी. विज्ञानकथेचे चाहतेसुद्धा तिचा बचाव करताना हाच हिशेब मांडतात. रॉबर्ट गोडार्ड या अमेरिकन मुलानं १८९८ मध्ये, सोळाव्या वर्षी, एच. जी. वेल्सची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी वाचली आणि पुढे १९२६ मध्ये द्रवरूप इंधनावर उडणारं जगातलं पहिलं रॉकेट सोडलं. गोष्ट खरी आहे आणि स्फूर्ती देणारीही. पण ती कादंबरी वाचून जी हजारो मुलं रॉकेट न बनवता शिंपी, कारकून, परिचारिका झाली, त्यांचं वाचन फुकट गेलं का? विज्ञानकथा म्हणजे भौतिकशास्त्राची शिकवणी नव्हे. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ वाचून यंत्रमानव कसा बनवावा हे कुणाला कळत नाही. जमिनीत पुरलेल्या, आपल्याआधीच्या एका प्रगत संस्कृतीनं ठेवलेल्या ज्ञानाचं दान स्वीकारायचं की नाही, आणि बुद्धिमान यंत्राला पहिलं पाऊल टाकायला जागा दिली की ते तिसरं पाऊल कुठे ठेवील, हा तिचा प्रश्न आहे. आज ज्या मुलांना गृहपाठ यंत्राकडून लिहून घेण्याचा मोह रोज होतो, त्यांना या प्रश्नाहून जवळचा दुसरा कुठला प्रश्न असेल? नारळीकरांनी तो १९८० च्या दशकात, मराठीत विचारून ठेवला आहे.

‘वेळ वाया जातो’ म्हणणाऱ्यांसाठी तर एक कादंबरी हातात द्यावी अशीच आहे. मिखाएल एंडे या जर्मन लेखकाची ‘मोमो’, १९७३ ची. तिच्यात फुझी नावाचा एक न्हावी आहे. बेचाळीस वर्षांचा, गिऱ्हाइकाशी गप्पा मारत निवांत काम करणारा. एके दिवशी राखाडी कपड्यांतला, राखाडी चेहऱ्याचा, चिरूट ओढणारा एक गृहस्थ दुकानात येतो. कालबचत बँकेचा प्रतिनिधी. तो आरशावर आकडे मांडायला लागतो. झोपेत इतके सेकंद गेले, जेवणात इतके. म्हाताऱ्या आईजवळ तू रोज एक तास बसतोस, तिला ऐकू येत नाही तरी तिच्याशी बोलत राहतोस. बेचाळीस वर्षांत हे झाले ५ कोटी ५१ लाख ८८ हजार सेकंद. पाळलेल्या पोपटाला रोज पाव तास. चाकाच्या खुर्चीत बसून असलेल्या दारिया नावाच्या बाईला फूल नेऊन देतोस, त्यात अर्धा तास. बेरीज होते, वजाबाकी होते, आणि हाती शून्य उरतं. फुझी हादरतो. त्या दिवसापासून तो वेळ वाचवायला लागतो. गिऱ्हाइकाशी बोलणं बंद. पोपटाची पाठवणी होते, आई स्वस्तातल्या वृद्धाश्रमात जाते, दारियाकडे जाणं थांबतं. आणि वाचवलेला वेळ त्याच्याकडे साठत नाही; राखाडी माणसं तो चिरुटात भरून ओढून टाकतात.

सकाळी सहाला क्लास, मग शाळा, मग दुसरा क्लास, रविवारी चाचणी परीक्षा, असं वेळापत्रक भिंतीवर लागलेल्या मुलाला हे पान वाचायला द्या. त्याला ते कुणी समजावून सांगावं लागणार नाही. राखाडी माणूस कोण, हे त्याला आधीपासून माहीत आहे. त्याला नाव मिळालं नव्हतं, ते एंडेनं दिलं. हे पुस्तक आपण कुठल्या तोंडानं ‘जे नाही त्यात रमणं’ म्हणणार? आरशावरची बेरीज आपणच करत बसलो आहोत.

इथेच पळवाटेचा आरोपही निकालात निघतो, पण तो इतक्या वेळा केला जातो की त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. अर्सुला ले ग्विनची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ ची. जरा मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा, असं एका छोट्या प्रकाशकानं सुचवलं, त्यातून ती लिहिली गेली. तिचा नायक गेड हा एका बेटावरच्या तांबटाचा मुलगा, तांबूस-तपकिरी कातडीचा. त्याच्या अंगात जादूची विलक्षण शक्ती आहे. त्याचा पहिला गुरू ओगिअन असा की धो धो पावसात भिजत चालेल, पण पाऊस थांबवायला मंत्र म्हणणार नाही. गेडला हे कळत नाही. शक्ती आहे तर वापरायची नाही? तो मोठ्या विद्यापीठात जातो, तिथे एका श्रीमंत घरातल्या सहाध्यायाशी त्याचं बिनसतं. त्याच्या डोळ्यांतला तुच्छतेचा भाव सहन न होऊन गेड एका रात्री पैजेवर मेलेल्या माणसाचा आत्मा बोलावतो. जगाला भेग पडते, तिच्यातून एक सावली बाहेर येते आणि त्याचा चेहरा ओरबाडते. ती भेग बुजवताना विद्यापीठाचा वृद्ध कुलगुरू मरतो.

पुढे अर्धी कादंबरी गेड त्या सावलीपासून पळत असतो. मग ओगिअन त्याला सांगतो की आता वळ, आणि तिच्या मागे लाग. शेवटी भर समुद्रात दोघं समोरासमोर येतात, आणि गेड तिला तिच्या नावानं हाक मारतो. ते नाव त्याचं स्वतःचं असतं.

अपमान झाला म्हणून केलेली, हाताबाहेर गेलेली एक चूक, तिची लाज, ती लाज लपवत पळणं, आणि मग ‘हे मीच केलं, हा मीच आहे’ असं म्हणण्याचं धैर्य. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलाच्या मनात याहून मोठं वास्तव कुठलं असतं? वर्गातल्या एका टोमण्यासाठी नको ते करून बसलेली, मग कुणालाच सांगता न येणारी मुलं आपल्या आसपास आहेत. त्यांच्यासाठी आपण काय लिहून ठेवलंय? ‘वाईट संगत टाळा’ हे सुविचाराच्या फळ्यावर असतं. ले ग्विननं त्या सावलीला सामोरं कसं जायचं, ते अख्खं दाखवलं. याला जर कुणी वास्तवाकडे पाठ फिरवणं म्हणत असेल, तर त्यानं पुस्तक उघडलेलं नाही.

मुलींच्या बाबतीत तर हे आणखी थेट आहे. त्याच मालिकेतला पुढचा भाग, १९७१ चा ‘द टूम्ब्ज ऑफ आतुआन’. टेनार नावाच्या लहान मुलीला मागच्या पुजारिणीचा पुनर्जन्म ठरवून घरातून नेलं जातं, तिचं नाव काढून घेतलं जातं, आणि अंधाऱ्या भुयारांची मालकीण म्हणून तिला वाढवलं जातं. सत्ता तिचीच, आणि कैदही तिचीच. लग्नात मुलीचं नाव बदलण्याची रीत जिथे अजून पुरती गेलेली नाही, आणि देवाच्या नावानं मुली सोडल्या जाण्याविरुद्ध कायदे करावे लागले, त्या महाराष्ट्रातल्या मुलीला टेनारची गोष्ट परकी वाटेल असं कोण म्हणतं?

राहिला जगाशी संबंध. सुझन कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’ या २००८ च्या कादंबरीतली तीन बोटं उंचावण्याची खूण २०१४ मध्ये थायलंडच्या तरुणांनी लष्करी उठावाविरुद्ध वापरली. खूण केली म्हणून विद्यार्थ्यांना ताब्यात घेतलं गेलं. २०२१ मध्ये म्यानमारच्या रस्त्यांवर तीच खूण दिसली. पुस्तक आणि त्यावरचे चित्रपट यांनी मिळून ती तिथवर नेली. ज्या कथेला आपण पोरखेळ म्हणतो, तिच्यातल्या एका हाताच्या खुणेची बंदूकधारी सरकारांना धास्ती वाटली.

अंधश्रद्धेचा आक्षेप वेगळा आहे. तो घेणारी माणसं मुलांचं भलं चिंतणारी, विवेकवादी परंपरेतली आहेत आणि त्या परंपरेनं महाराष्ट्रात किंमत मोजली आहे. म्हणूनच त्यांना स्पष्ट सांगायला हवं की त्यांनी शत्रू चुकीचा निवडला आहे. भोंदूबाबा म्हणतो, ‘हे खरं आहे, पैसे ठेव.’ कादंबरी पहिल्या पानापासून म्हणते, ‘हे रचलेलं आहे, चल बघू पुढे काय होतं.’ पहिल्यात माणूस प्रश्न विचारणं सोडतो. दुसरीत तो सतत तपासत असतो की या जगाचे नियम काय, जादूची किंमत काय, लेखकानं स्वतःचा नियम मोडला तर नाही ना. हॅरी पॉटर वाचणाऱ्या मुलांना विचारा. कुठल्या भागात कुठला नियम बसत नाही, यावर ती तासन्‌तास भांडतात. असा वाचक चमत्काराच्या दाव्याला सहजासहजी बळी पडेल की ज्याला कधीच काही रचायला किंवा तपासायला मिळालं नाही तो पडेल?

नारळीकरांचंच उदाहरण पुरे आहे. विष्णूच्या अवताराचं नाव ज्यांनी कादंबरीला दिलं, यक्षांना ज्यांनी आपल्या कथासंग्रहाच्या नावात आणलं, त्यांनीच नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं मिळून दोनशे पत्रिका जमवल्या, ज्योतिष्यांना प्रत्येकी चाळीस पाठवल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. उत्तरं ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून सांगितली असती तरी साधारण तितकीच आली असती. कल्पनाशक्ती आणि विवेक एका डोक्यात सुखानं राहतात, याचा आणखी काय पुरावा हवा?

हिंसा आणि मरण मुलांच्या वाचनात नको, हे म्हणणाऱ्यांनी अभिमन्यूची गोष्ट मुलांना कितव्या वर्षी सांगितली ते आठवावं. सोळा वर्षांचा मुलगा, चक्रव्यूहात एकटा, भोवती महारथी. ती आपण अभिमानानं सांगतो, चौथी-पाचवीतल्या मुलांनाही सांगतो, आणि सांगायलाच हवी. मग लोइस लौरीच्या ‘द गिव्हर’ची भीती कशाला? त्या १९९३ च्या कादंबरीत एक नीटनेटकं गाव आहे. भांडण नाही, भूक नाही, दुःख नाही, रंगही नाहीत. अकरा वर्षांच्या जोनसला एका क्षणी हवेत उडालेल्या सफरचंदात काहीतरी वेगळं दिसतं आणि ते काय हे त्याला कळत नाही, कारण लाल रंग त्यानं कधी पाहिलेलाच नसतो. त्याचे वडील तान्ह्या बाळांची देखभाल करणारे, प्रेमळ गृहस्थ. जुळ्या बाळांपैकी वजनानं कमी भरलेल्याची ‘सुटका’ करायची असते. ती कशी होते, हे जोनस पडद्यावर पाहतो. वडील हसऱ्या, लाडिक आवाजात बाळाशी बोलत त्याला सुई टोचतात. रक्ताचा थेंब नाही, आरडाओरडा नाही. अमेरिकेतल्या शाळांतून हे पुस्तक काढून टाकण्याची मागणी पालकांनी वारंवार केली, आणि त्याच पुस्तकाला तिथला बालसाहित्याचा मानाचा न्यूबेरी पुरस्कार मिळालेला आहे. सभ्यपणे, नियमानं, गोड बोलून केलेला अन्याय ओळखायला मुलांनी कुठल्या वर्षी शिकावं असं आपलं म्हणणं आहे?

वाङ्मयीन दर्जाबद्दल दोनच वाक्यं. मिल्टनच्या महाकाव्याशी वाद घालणाऱ्या फिलिप पुलमनच्या तीन खंडांच्या कथेतला शेवटचा भाग, ‘दी अँबर स्पायग्लास’, २००१ च्या व्हिटब्रेड पुरस्कारांत त्या वर्षीचं सर्वोत्तम पुस्तक ठरला, मोठ्यांसाठीच्या पुस्तकांना मागे टाकून. दर्जा नसतो असं म्हणण्याआधी निदान तो एक खंड वाचावा.

आता ‘हे आपलं नाही’ हा मुद्दा. हे बोलणाऱ्यांना आपलंच घर माहीत नाही. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत कुणी आणल्या? कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी. आणि त्या कामात हात कुणाचा होता? निबंधमालाकार विष्णुशास्त्र्यांचा. ज्यांच्या लेखणीला उभा महाराष्ट्र वचकून होता, त्यांना उडत्या गालिच्यांच्या देशात जाण्यात कमीपणा वाटला नाही. १९०० साली ‘केरळकोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्रावरच्या प्रवासाची कादंबरी मराठीत येत होती. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणून बसवला, आणि ‘फास्टर फेणे’ लिहिणाऱ्या त्याच हातानं ‘उडती छबकडी’ही लिहिली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत पहिली आलेली ‘कृष्णविवर’ टोपणनावानं आली होती. लेखक नारळीकर निघाले. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे ही नावं घेतली की मराठी विज्ञानकथेची एक अख्खी पिढी उभी राहते. आणि रेड्यानं वेद म्हटले, भिंत चालली, या गोष्टींवर वाढलेल्या घरांनी अद्भुत परकं म्हणावं?

परकं नाही. आपण ते सोडून दिलं, हे खरं. आजच्या मराठी वाचणाऱ्या मुलाचा प्रवास पाहा. ‘किशोर’ मासिक, फास्टर फेणे, आणि मग एकदम ‘मृत्युंजय’, ‘छावा’, ‘ययाति’. त्या कादंबऱ्या त्यानं वाचाव्यातच. पण मधल्या चार-पाच वर्षांत, ज्या वर्षांत आवाज फुटतो, शरीर बदलतं, मित्र तुटतात, घरच्यांशी पटेनासं होतं, त्या वर्षांसाठी, त्याच्याच वयाचा नायक किंवा नायिका असलेलं नवं, जाड, दमदार मराठी पुस्तक त्याला हवं तेव्हा सापडत नाही. मग इंग्रजी येणारं मूल इंग्रजीकडे जातं आणि बहुधा परत येत नाही. न येणारं मूल वाचनच सोडतं. आणि आपण सभा-संमेलनांत ‘मुलं मराठी वाचत नाहीत’ म्हणून हळहळतो. चौदा वर्षांच्या मुलाला हवं ते द्यायचं नाही, त्याला जे आवडतं त्याला पोरकट म्हणायचं, आणि मग तो आपल्या भाषेत थांबला नाही म्हणून दोष त्यालाच द्यायचा, हे कुठल्या न्यायात बसतं?

म्हणून मागणी साधी आहे आणि ती ज्यांच्या हातात काही आहे त्यांच्याकडे आहे. प्रकाशकांनी अर्थसीची पुस्तकं, ‘मोमो’, ‘द गिव्हर’ उत्तम मराठीत आणि पुस्तकवेड्या मुलांच्या खिशाला परवडतील अशा किमतीत द्यावीत. चांगल्या अनुवादकाला त्यासाठी नीट मानधन द्यावं. दिवाळी अंकांच्या संपादकांनी कुमारांसाठीच्या फँटसीला आणि विज्ञानकथेला शेवटची चार पानं नाहीत, मधली चाळीस पानं द्यावीत. आज तिशी-चाळिशीत असलेल्या, हॅरी पॉटर वाचून वाढलेल्या मराठी लेखकांनी सह्याद्रीच्या कड्यांत, कोकणच्या खाड्यांत, गोदावरीकाठी आपली जगं उभी करावीत आणि त्यांतली मुलं आपल्या शाळांत शिकणारी असावीत. ग्रंथपालांनी ती पुस्तकं काउंटरजवळच्या कपाटात, नजरेच्या उंचीवर ठेवावीत. आणि आई-वडिलांनो, दहावीचं वर्ष लागलं म्हणून घरातल्या गोष्टींच्या पुस्तकांचा गठ्ठा बांधून माळ्यावर टाकू नका. तो टेबलावरच राहू द्या.